शेवटच्या चाळीस ओळी

अकोल्याहून खुशालरावांचा फोन आला तेव्हा रागिणी डबा धुऊन नुकतीच जागेवर येऊन बसली होती. दोन वाजून सोळा मिनिटं झाली होती. ही वेळ तिला पुढे बऱ्याच जणांना सांगावी लागली, म्हणून ती पक्की लक्षात राहिली.

"मॅडम, गॅस सुटला," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच सावकाश, पण मागे माणसांचा गलका होता आणि गॅसचा भोंगा एकसारखा वाजत होता.

"कुठं सुटला, काका?"

"मधातल्या बोळीत. पाइपाचा जोड गेला असंन. सारे बाहेर आले, फायरवाल्याईले फोन केला, ते निघाले. पण आपली स्क्रीन बंद पडून रायली. आत किती, बाहेर किती, काईच दाखवत नाई."

खुशालराव अकोल्याबाहेरच्या एका शीतगृहाचे व्यवस्थापक होते. संत्री, हळद, चिंच असा माल ठेवायच्या तिथे सहा खोल्या होत्या आणि सहाही खोल्यांची दारं एकाच लांब बोळीत उघडत. गारवा अमोनियाच्या यंत्रांचा. रागिणी अमरावतीच्या एका लहानशा कंपनीत होती. अशा शीतगृहांचे, कापसाच्या जिनिंगचे, दूध संकलन केंद्रांचे संगणक दुरून सांभाळायचे, हे तिचं काम. हिवरखेडच्या मळ्यातून शेवंती आणि वांगी बाजारात नेणाऱ्या बापाची ही लेक काळ्या पडद्यावर भराभर टायपायला लागली, की कंपनीतले इतर जण खुर्च्या सरकवून बघत बसायचे.

"माणसं मोजली का?"

"मोजली. हजेरीत सतरा, अंगणात सतरा. इंजिनवाला मनोज धरून."

"मग स्क्रीन कशाला पाहिजे?"

"फायरवाले इचारतीन ना. आत कोनी नाई असं मले लिहून द्या लागते. मी ते नोंदीची फाइल उघडाले गेलो त मशीनच अडकलं. आता माऊसबी हालत नाई."

रागिणीला लगेच कळलं. प्रत्येक दाराशी कार्ड लावलं की एक ओळ, प्रत्येक खोलीचं तापमान दर दोन सेकंदांनी एक ओळ, दार उघडलं, दार मिटलं, सगळं एकाच साध्या मजकुराच्या फाइलीत जात होतं. दर महिन्याला जुन्या ओळी बाजूला काढून ती फाइल रिकामी करायची असते. ते दिवाळीपासून राहून गेलं होतं आणि ते राहिलं होतं रागिणीच्याच हातून. अकरा जीबीची फाइल खुशालरावांनी दोनदा टिचकी मारून उघडली म्हणजे मशीन ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पोटात घ्यायला निघालं होतं. ते कुठलं हलतंय.

"काका, तुम्ही त्याला हात लावू नका. फोन चालू ठेवा."

तिने इथून त्या मशीनमध्ये शिरायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा पासवर्ड विचारायलाच मशीनने मिनिटभर लावलं. आत शिरल्यावर तिने आधी ती अर्धवट उघडलेली फाइल बंद पाडली. पडद्यावरचा ठिपका मोकळेपणाने लुकलुकू लागला. दोन वाजून वीस.

फाइल उघडायची नव्हतीच. तिला फक्त शेपूट हवं होतं. त्यासाठी 'टेल' नावाची एक जुनी, साधी आज्ञा असते. फाइल कितीही मोठी असो, ती वरचं काही वाचत नाही, शेवटाकडून मागे येते आणि मागाल तेवढ्या ओळी समोर ठेवते. रागिणीने टेल लिहिलं, पुढे चाळीस आकडा टाकला आणि एंटर दाबलं.

चाळीसच्या चाळीस ओळी तापमानाच्या होत्या. खोली एक, खोली दोन, खोली तीन.

तिने चाळीसचे पाच हजार केले आणि त्यातल्या फक्त दारांच्या ओळी मागितल्या. आता पडद्यावर सतराएक ओळी उभ्या राहिल्या. कार्ड एकवीस, बाहेर. कार्ड नऊ, बाहेर. कार्ड बत्तीस, बाहेर. गॅसच्या वासाने पळालेली माणसं ओळीने बाहेर पडलेली दिसत होती. त्यांच्या जरा वर एक ओळ होती: कार्ड एक्केचाळीस, दार तीन, आत.

एक्केचाळीसच्या 'बाहेर'ची ओळ तिने खालपर्यंत शोधली. नव्हती.

"काका, एक्केचाळीस नंबर कोणाचा?"

कागद उलटल्याचा आवाज आला. "इंदूबाईचा. संत्रं निवडते. हे काय, इथीच उभी हाय माह्यापुढं."

"नक्की?"

"आता मले इंदूबाई वळखू येत नाई का, मॅडम?"

"मग तिचं कार्ड तीन नंबरमध्ये गेलंय आणि परत आलेलं नाही."

"कितीक वाजता?"

रागिणीने ओळीच्या सुरुवातीचे आकडे वाचले. "आठ सदतीस."

खुशालरावांनी सुस्कारा टाकला. "मग ते सकाळचं हाय. साडेआठलेच त येतात साऱ्या बाया. सकाळी आत गेली, बाहेर येतांनी कार्ड लावलं नसंन. बाया नाई लावत, मी शंभर खेपा सांगतलं." मग दुसऱ्या कोणाला तरी म्हणाले, "या साहेब. हो, सारे बाहेर हाय."

फोनमध्ये गाडीच्या घंटेचा आवाज शिरला. फायरवाले पोचले होते. एक जाड आवाज विचारत होता, आत माणूस नाही ना, नक्की ना; मग विजेची लाइन बंद करतो, बाहेरून पाणी मारतो, तास-दीड तास गॅस बसू देऊ, नंतरच आत जाऊ, उगाच माझी माणसं कशाला घालू.

बरोबरच होतं त्याचं. आत कोणी नसेल तर.

रागिणी पडद्याकडे बघत राहिली. काहीतरी जुळत नव्हतं. आठ सदतीसची ओळ सकाळची असेल तर तिच्याखाली पळणाऱ्या माणसांच्या ओळी दुपारच्या असायला हव्या होत्या. त्यांच्यापुढे तिने बघितलंच नव्हतं. आता बघितलं. आठ एकोणचाळीस. आठ चाळीस. आठ चाळीस.

सकाळी पावणेनऊला सतरा माणसं पळाली नव्हती.

तिने टेलपुढे 'एफ' हे अक्षर जोडलं. असं केलं की ती आज्ञा शेवट दाखवून थांबत नाही. शेवटाला धरून बसते, आणि फाइलीत नवी ओळ पडली की त्याच क्षणी ती पडद्यावर येते. एंटर दाबताच ओळी पडू लागल्या. खोली एक, खोली दोन, खोली तीन. प्रत्येकीच्या पुढे आठ बावन्न.

रागिणीच्या मनगटावर दोन बावीस झाले होते.

मशीनचं घड्याळ साडेपाच तास मागे होतं. मशीन बसवलं तेव्हा त्याला जगाची प्रमाणवेळ दिली होती, भारताची नाही. वरची रंगीत स्क्रीन ती वेळ बदलून दाखवायची म्हणून कोणाला कळत नव्हतं. कोणाला म्हणजे, खुशालरावांना कळलं होतं. मागच्या थंडीत ते म्हणाले होते, मॅडम, नोंदीतली वेळ चुकून रायली. आणि तिने उत्तर दिलं होतं, स्क्रीनवर बरोबर दिसते ना, मग झालं.

"काका!" ती ओरडली. ऑफिसातली दोन डोकी वर आली. "ते सकाळचं नाही. ते दोन सातचं आहे. पंधरा मिनिटांपूर्वीचं. एक्केचाळीस कार्ड घेऊन तीन नंबरमध्ये कोणीतरी गेलंय आणि ते आतच आहे."

"अहो, पण इंदूबाई त..."

"इंदूबाईंना विचारा त्यांचं कार्ड कुठंय. तिले इचारा काका, लवकर इचारा." गावाकडची बोली कधी तोंडात आली तिचं तिला कळलं नाही.

पलीकडे खुशालरावांनी विचारलेलं ऐकू आलं. इंदूबाईचं उत्तर ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. "अवं बाई, कार्ड कोठी हाय तुयं? बोल ना. कावून उगी रायली?"

रागिणी कानाला फोन लावून बसली होती आणि समोर ओळी पडत होत्या. आठ त्रेपन्न. तिने दुसरी खिडकी उघडून दारांच्या ओळी पुन्हा मागितल्या. मघाशी एक नजरेतून सुटली होती. आठ त्रेचाळीसला, म्हणजे सगळे बाहेर पडल्यावर तीन मिनिटांनी, दार तीन आतून उघडलं होतं. सात सेकंदांनी मिटलं होतं. कोणीतरी दार ढकलून बोळीत डोकावलं होतं आणि गॅस अंगावर आल्यावर मागे सरून दार ओढून घेतलं होतं.

"चंदाजवळ हाय," एका बाईचा आवाज आला. अगदी बारीक. "माह्या सुनेजवळ."

मग ते तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं. इंदूबाईची दाढ ठणकत होती. सुनेचं नाव अजून हजेरीत नव्हतं, तिला कार्ड नव्हतं. सकाळची पाळी सुनेने सासूच्या कार्डावर केली. दीड वाजता इंदूबाई स्वतः आली आणि अंगणातल्या शेडमध्ये निवडायला बसली. सून कार्ड गळ्यात घालूनच निघाली, घरी पोचली असेल, असं इंदूबाई धरून चालली होती. कळलं तर दोघींचं काम जाईल म्हणून तोंड उघडत नव्हती.

"स्वेटर इसरली म्हने," इंदूबाई म्हणाली. "आतच राह्यलं म्हने. मी म्हनलं राहू दे, उद्या घेजो. गेली असंन आनाले."

"फोन लावा तिला," रागिणी म्हणाली.

"लावला. लागत नाई."

लागणार नव्हताच. वीतभर जाडीच्या त्या भिंतींच्या आत कोणाचाच फोन लागत नसे.

जाड आवाजाचे साहेब आता फोनवरच आले. "तुम्ही अमरावतीहून बोलताय? तुम्हाला काय माहीत आत माणूस आहे? घड्याळ चुकीचं आहे म्हणता, मग बाकीचंही चुकीचं असेल. माझी दोन पोरं आत घालायची आहेत मला. गॅस किती आहे माहितीये?"

रागिणीने तोंड उघडलं आणि त्याच वेळी पडद्यावर तापमानाच्या ओळींमध्ये एक वेगळी ओळ पडली. बटन तीन, दाबलं.

प्रत्येक खोलीत दाराच्या आतल्या बाजूला एक लाल बटन होतं. माणूस आत अडकला तर दाबायचं, म्हणजे बाहेर वेगळा भोंगा वाजतो. पण बायांचं येता-जाता कोपर लागून तो सारखा वाजायचा, म्हणून शीतगृहवाल्यांनी त्याची तार काढून ठेवली होती. ओळ मात्र अजून फाइलीत जात होती. बटन तीन, दाबलं. बटन तीन, दाबलं.

"साहेब," ती म्हणाली, "तीन नंबरच्या खोलीतलं अडकल्याचं बटन कोणीतरी आत्ता दाबतंय. मी बोलतेय तेवढ्यात तीनदा दाबलं. चारदा. ते बटन फक्त आतून दाबता येतं."



"दार कितवं? शिरल्यावर डाव्या हाताला का उजव्या?"

"डाव्या हाताला, दुसरं. खुशालराव दाखवतील."

"दाखवायला कोणी येणार नाही. सांगा फक्त." मग आपल्या माणसांवर खेकसले, मास्क चढवा, पाणी बोळीच्या तोंडावर धरा, लाइन तोडा.

लाइन तोडल्यावर मशीन बॅटरीवर आलं. ही बॅटरी नवी असताना वीस मिनिटं चालायची. आता किती चालते ते कोणी पाहिलं नव्हतं. रागिणीने हे कोणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं.

ऑफिसात मालक शेखर तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला होता. पंखा फिरत होता, बाहेर एप्रिलचं ऊन रस्ता भाजत होतं. बटन तीन, दाबलं. दोन ओळी तापमानाच्या. बटन तीन, दाबलं. ती बाई आत अंधारात असणार. लाइन तोडली म्हणजे दिवाही गेला. चार अंशांच्या खोलीत, अंगावर साडी आणि फार तर ते स्वेटर, आणि दाराच्या फटीतून गॅस.

आठ छप्पन्न. बटन तीन, दाबलं.

आठ सत्तावन्न. तापमानाच्याच ओळी.

तिने वाट पाहिली. खोली एक, खोली दोन, असं खोली सहापर्यंत. पुन्हा खोली एक. कोणीच काही दाबत नव्हतं.

"फाइल अडकली का?" शेखरने विचारलं.

"फाइल चालू आहे."

"मग?"

तिने खुशालरावांना विचारलं, आत गेले का? ते म्हणाले, गेले, दोघं गेले, पन आतलं काईच दिसत नाई, धूरच धूर हाय पांढरा. इंदूबाई मागे सारखं एकच म्हणत होती, मीच कामाले पाठवली, मीच कार्ड देल्लं.

आठ अठ्ठावन्न. आठ एकोणसाठ. ओळी पडत राहिल्या. एरवी या ओळी वाचायचा तिला कंटाळा यायचा. आता एकेक ओळ ती शेवटच्या अक्षरापर्यंत वाचत होती. तीन नंबरचं तापमान चार दशांश दोन. चार दशांश दोन. चार दशांश तीन. ती आकड्यांकडून काहीतरी मागत होती आणि आकडे देत नव्हते.

नऊ वाजून एक मिनिटाला दार तीन, बाहेरून उघडलं.

ती उठून उभी राहिली. "दार उघडलं काका, तीन नंबरचं दार उघडलं." खोली तीन पाच अंश. साडेपाच. साडेसात. दार मिटल्याची ओळ येत नव्हती. मग सगळ्याच ओळी थांबल्या. पडदा तसाच उभा राहिला आणि खाली एक वाक्य आलं, संपर्क तुटला. बॅटरी संपली होती.

आता तिच्याकडे फक्त फोन होता. पलीकडे कोणीतरी पळालं, कोणीतरी पाणी पाणी म्हणालं. रागिणीने फोन कानाला दाबून धरला.

"आनली," शेवटी खुशालराव म्हणाले. "खोकलून रायली. डोये उघडत नाई, पन खोकलून रायली." आणि मग हा साठीचा माणूस फोनवरच हुंदके देऊ लागला.

संध्याकाळी पाच वाजता शेखरने तिला आत बोलावलं. दार लावून घेतलं. चौकशी होणार, तो म्हणाला. मशीन परत चालू झालं की ती फाइल मागतील. डिस्क भरलीच आहे, तशीही साफ करायची होतीच. वेळही नीट करून टाक. पुढच्या वेळेसाठी.

"पुढच्या वेळेसाठी वेळ नीट करते," रागिणी म्हणाली. "फाइल साफ नाही करणार."

"अगं, सगळे आपल्यालाच धरतील. घड्याळ आपण बसवलं."

"मी बसवलं. आणि काकांनी सांगितलं होतं तेव्हा मीच टाळलं."

शेखर बराच वेळ बोलला. वाईट माणूस नव्हता तो, घाबरला होता. रागिणीने ऐकून घेतलं आणि मशीन चालू झाल्याबरोबर फाइलीच्या शेवटच्या लाखभर ओळी वेगळ्या काढून, एक प्रत त्याला, एक खुशालरावांना आणि एक स्वतःला पाठवली. सोबत चार वाक्यं लिहिली. घड्याळ साडेपाच तास मागे आहे, ते माझ्यामुळे राहिलं. तिसऱ्या वाक्यात आल्यावर तिचा हात थांबला होता, पण तिने ते लिहिलं: नोंदीवरून अर्थ लागायला त्यामुळे उशीर झाला.

तिसऱ्या दिवशी ती बडनेरा स्टेशनावरून गाडीने अकोल्याला गेली. कोणी बोलावलं नव्हतं. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर खाटेच्या कडेला इंदूबाई बसली होती, गाल अजून सुजलेला. खाटेवर तेवीस-चोवीस वर्षांची एक मुलगी होती, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या.

"कोन हाय?" चंदाने विचारलं. आवाज घोगरा होता.

"मी रागिणी. अमरावतीची. ते कॉम्प्युटरचं..."

"तुमीच का त्या?" चंदाने हात पुढे केला. रागिणीने धरला. "मले सांगतलं ह्याईनं. पन मले एक समजत नाई. बटनाचा भोंगा त वाजला नाई म्हने. मग तुमाले कसं समजलं मी आत हाय म्हून?"

"तू बटन दाबलं की तिकडे एक ओळ पडत होती. मी ती वाचत होते."

"सारे खेप?"

"सगळ्या वेळा."

चंदा म्हणाली, "मी समजली कोनीच ऐकून नाई रायलं. म्हून थांबली मंग. बसून गेली खाली, तोंडाले पदर लावून."

रागिणीला वाटलं, आता बोललं नाही तर कधीच बोलता येणार नाही. "चंदा, मला लवकर कळायला पाहिजे होतं. मशीनचं घड्याळ चुकीचं होतं आणि ते मी दुरुस्त केलं नव्हतं. ती ओळ सकाळची आहे असं वाटलं सगळ्यांना. दोन-तीन मिनिटं त्यात गेली."

खाटेवरचा हात तिच्या हातातच होता. ना घट्ट झाला, ना सुटला.

"दोन-तीन मिंटं मीबी उगी राह्यली व्हती," इंदूबाई जमिनीकडे बघत म्हणाली. "मले त ठाव व्हतं कार्ड कोनाजवळ हाय. मी कामाचा इचार करत बसली."

"डॉक्टर काय म्हणतात?" रागिणीने विचारलं.

"एक डोया चांगला हाय म्हनते. दुसऱ्याचं आठ दिसानं सांगतो म्हनते." चंदाने मान आवाजाच्या दिशेने वळवली. "तुमी येसान का तवा?"

"येईन."

"मंग या." तिने हात सोडवून घेतला आणि उशाशी चाचपडत पाण्याचा ग्लास शोधू लागली. इंदूबाई उठली, पण रागिणी जवळ होती. तिने ग्लास उचलला आणि चंदाची बोटं त्याच्याभोवती नीट बसेपर्यंत धरून ठेवला.